नाशिकच्या रस्त्यांवर दिवसभर चालवायची रोडबाइक: आधी टायरची जागा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४२, वजन ७८ किलो, गेली काही वर्षं हायब्रीड, म्हणजे सरळ हँडलची सायकल, चालवताय. रविवारी त्र्यंबकला जाऊन येणं आता अंगवळणी पडलंय. पुढे मोखाडा-जव्हार, वणीमार्गे सापुतारा आणि हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. पण साठेक किलोमीटर झाले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान आखडते. बजेट लाखभर. ओळखीतले एक जण त्यांची जुनी कार्बनची रेसिंग सायकल तेवढ्यातच द्यायला तयार आहेत. ग्रुपमधली मंडळी म्हणतात ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची जास्त रुंद टायरची रोडबाइक घे. दुकानदार म्हणतो अ‍ॅल्युमिनियमची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याला आरामात बसता येईल अशी रोडबाइक न्या. ऐकायचं कोणाचं?

दुकानदाराचं. आणि ग्रुपवाल्यांचंही फारसं चुकत नाहीये. फक्त ती कार्बनची सायकल तेवढी डोक्यातून काढून टाका. सायकली माणसाला जुळवून देणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, लांबच्या राइडही करत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कार्बन म्हणजे आरामदायी, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे हाडं खिळखिळी करणारं, हा समज आपल्याकडे फार पक्का बसलाय. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दबतो तो टायर, काही मिलिमीटर. त्यानंतर सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) थोडा वाकतो, सीटचे रूळ आणि कवच थोडं देतं. फ्रेमचे दोन त्रिकोण उभ्या दिशेने जवळजवळ दबतच नाहीत, मग ते कशाचेही असोत. म्हणजे आराम विकत घ्यायचाय तर पैसे जिथे जास्त दबतं तिथे घालायचे. म्हणून फ्रेम बघताना पहिला प्रश्न ‘कशाची आहे’ हा विचारू नका. ‘यात जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो’ हा विचारा.

तुमच्या ओळखीतल्यांच्या सायकलला रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या रिमवर रबर दाबणारे ब्रेक, आहेत असं तुम्ही लिहिलंय. तिथेच विषय संपला. त्या काळच्या रेसिंग फ्रेममध्ये २५ मिलिमीटरचा टायर बसतो, फार तर २८ कसाबसा. रिम ब्रेकचा कॅलिपर टायरच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे फ्रेममध्ये जागा असली तरी ब्रेकच आडवा येतो. डिस्क ब्रेक आल्यावर ही अडचण गेली. डिस्कचं खरं देणं माझ्या मते हेच आहे. पावसात ब्रेक चांगले लागतात हा वरचा फायदा, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरमध्ये तोही काही लहान नाही.

२५ आणि ३२ मध्ये सात मिलिमीटरचाच फरक दिसतो, पण आतली हवा साधारण दीडपटीहून जास्त होते. हवा जास्त म्हणून दाब कमी ठेवता येतो, दाब कमी म्हणून टायर खडबडीत डांबराला चिकटून जातो, उड्या मारत नाही. तुमच्या वजनाला, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या धरून, २५ च्या टायरला मागे ८५ ते ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतील. त्यापेक्षा कमी ठेवले तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेपली जाऊन दोन भोकांचं पंक्चर होणार. ३२ च्या टायरला मागे ६० च्या आसपास आणि पुढे ५५ पुरतात. पुढे कमी, कारण निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर असतं. हे आकडे सुरुवातीपुरते. तिथून दोन-दोन पीएसआय खाली उतरत जा. खड्ड्यात रिम ठेचायला लागली किंवा वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला की थोडं वर या. यासाठी काटा असलेला उभा पंप घरी हवाच. अंगठ्याने दाबून हवा बघायची सवय सोडा. ६० आणि ८० मधला फरक अंगठ्याला कळत नाही, बुडाला मात्र कळतो.

रुंद टायर हळू पळतो, असं कोणीतरी म्हणेलच. गुळगुळीत रस्त्यावर, पस्तीसच्या वर वेगाने जाणाऱ्याला वाऱ्याचा थोडा फरक पडतो. तुम्ही आम्ही वीस-पंचवीसने जातो. त्या वेगात खडबडीत रस्त्यावर टणक टायर उलट मागे ओढतो. प्रत्येक खडीच्या दाण्यावर सायकल आणि माणूस मिळून वर उचलले जातात, अंगाचे स्नायू हादरतात आणि तेवढी पायांची ताकद वाया जाते. पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली दगडी रस्त्यांची शर्यत याचं चांगलं उदाहरण आहे. २५० हून जास्त किलोमीटरच्या त्या शर्यतीत पन्नासेक किलोमीटर नुसते फरसबंदीचे. १९९२ आणि १९९३ साली जिल्बेर द्युक्लो-लासालने ती जिंकली तेव्हा त्याच्या सायकलला पुढे रॉकशॉक्सचा शॉकअ‍ॅब्जॉर्बरवाला चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) होता, १९९४ साली आंद्रेई च्मिलनेही तसाच वापरला. पुढे ती टूम मागे पडली. आता त्याच दगडांवर जगातले सगळ्यात वेगवान लोक शॉकअ‍ॅब्जॉर्बर न लावता ३२ च्या आसपासचे किंवा त्याहून रुंद टायर कमी हवेवर चालवतात.

बीआरएमचं गणित तर आणखी सोपं आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. म्हणजे चहा, वडापाव, पंक्चर सगळं धरून ताशी १५ च्या सरासरीने गेलात तरी वेळेत पोहोचता. तिथे वेळ जातो तो रस्त्याच्या कडेला मनगटं झटकत उभं राहण्यात. २०१५ साली आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी जोडीने रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने केली, आणि गावात सायकलचं वातावरण तयार झालं ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्या स्पर्धेचे फोटो बघून सायकल निवडू नका. तिथे साथीला गाडी असते, आणि तिथला हायवे म्हणजे मोखाड्याचा रस्ता नव्हे.

आता दुकानात गेल्यावर काय करायचं ते सांगतो. खिशात ६ मिलिमीटरची अ‍ॅलन की घेऊन जा. सायकलला मुळात बहुधा २८ चे टायर असतील. टायर आणि फ्रेम यांच्या मधल्या फटीत ती की घालून बघा: पुढे चिमट्याच्या दोन्ही पायांपाशी, चिमट्याच्या वर टायरच्या माथ्यावर, मागे पॅडलच्या एक्सलमागे (पॅडलचे दोन्ही दांडे ज्यावर फिरतात तो एक्सल) जिथे फ्रेमच्या दोन नळ्या जवळ येतात तिथे, आणि सीटखालच्या आडव्या पुलापाशी. चारही ठिकाणी की अडकल्याशिवाय सरकली तर ३२ चा टायर घातल्यावरही दोन्ही बाजूंना चारेक मिलिमीटर उरतात, आणि तेवढं चालतं. माथ्यावर मात्र टायर चारेक मिलिमीटर वर येतो, म्हणून तिथे आणि पुलापाशी फट कीपेक्षा जरा जास्तच हवी. बहुतेक वेळा अडतं ते मागच्या नळ्यांपाशी, म्हणून तिथे वाकून नीट बघा. दुकानदार ‘बसतो हो साहेब’ म्हणेल. बसणं वेगळं आणि मोकळं फिरणं वेगळं. टायरवर ३२ लिहिलेलं असलं तरी आतून रुंद असलेल्या रिमवर तो ३३-३४ भरतो, हेही धरा. आणि आपल्याकडे काळी माती आहे. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडच्या बागांतून ट्रॅक्टर बाहेर पडतात ते चाकाला माती घेऊनच. पाऊस झाला की ती रस्त्यावर लगदा होऊन बसते. फट कमी असेल तर ही माती टायर आणि चिमट्याच्या मध्ये इतकी घट्ट भरते की चाक फिरत नाही आणि काडीने उकरत बसावं लागतं.

मला विचाराल तर कंपनीने ३५ किंवा त्याहून जास्त मापाला मान्यता दिलेली फ्रेम घ्या आणि ३२ चालवा. उरलेली जागा मातीला आणि मडगार्डला. ट्रेक डोमाने, जायंट कंटेंड एआर, कॅननडेल सिनॅप्स ही याच जातीची नावं. डेकॅथलॉनची ट्रायबन आरसी मालिकाही या कामासाठी बऱ्याच जणांनी वापरली आहे. पण मॉडेल दरवर्षी बदलतात, एकाच नावाखाली मापं बदलतात, म्हणून नावावर जाऊ नका. त्या वर्षीच्या मॉडेलचा तक्ता उघडून टायरचं माप स्वतः वाचा.

दुसरा मोठा भाग म्हणजे बसण्याची ठेवण, आणि तुमची बोटं आणि मान इथे अडकलेली आहेत. त्याच तक्त्यात स्टॅक आणि रीच असे दोन आकडे असतात. पॅडलच्या एक्सलपासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंच ते स्टॅक, किती पुढे ते रीच. स्टॅकला रीचने भागा. रेसिंग फ्रेममध्ये उत्तर १.४ च्या आसपास येतं, एन्ड्युरन्समध्ये १.५ किंवा जास्त. कमी आकडा म्हणजे हँडल खाली आणि लांब, म्हणजे पाठ आडवी, म्हणजे रस्ता बघायला मान मागे मोडलेली आणि धडाचा भार हातांवर. तुमच्या वयाला आणि दिवसभर खुर्चीत बसण्याच्या कामाला १.५ च्या खाली जाऊ नका. मागच्या नळीची लांबी ४१५ ते ४३० मिलिमीटर असेल तर चाक तुमच्या बुडाच्या थोडं मागे जातं, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट वर येत नाही आणि उतारावर सायकल शांत राहते.

करंगळी आणि अनामिका बधिर होतात त्याचं कारण तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नर नस. हायब्रीडच्या सरळ दांड्यावर हात ठेवायला एकच जागा, मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं, आणि तासन्‌तास दाब त्याच ठिकाणी. रोडबाइकच्या वाकड्या हँडलला हात ठेवायच्या किमान तीन जागा मिळतात, आणि त्यातली ब्रेकच्या मुठीवरची जागा मनगटाला सगळ्यात सोयीची. पण नवी सायकल येईपर्यंत एक गोष्ट आजच करून बघा. सायकल सपाट फरशीवर उभी करा, सीटवर एक सरळ वही ठेवा आणि बाजूने बघा. सीटचं नाक खाली झुकलेलं दिसलं तर तुम्ही दर मिनिटाला पुढे घसरताय आणि हातांनी स्वतःला मागे ढकलताय. पुढे टोचतं म्हणून लोक नाक खाली करतात आणि दुखणं हातात नेऊन ठेवतात. सीट सपाट करा. तरी टोचत असेल तर सीटची उंची जास्त आहे किंवा सीटच चुकीची आहे.

सीटच्या बाबतीत मऊपणाला भुलू नका. जेलचं जाड कव्हर घातलं की पहिले दहा किलोमीटर गादी, पुढे शिक्षा. बुडाची दोन हाडं त्या जेलमध्ये रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. सीट निवडायची ती रुंदीने. घरी खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक खुर्चीवर ठेवा, त्यावर पाय थोडे वर उचलून बसा, उठल्यावर दोन खड्डे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत जेवढे मिलिमीटर भरतील त्यात वीस-तीस मिळवा, साधारण तेवढ्या रुंदीची सीट बघा. त्याबरोबर पॅडवाली चांगली शॉर्ट, आणि तिच्या आत चड्डी नको. लोक लाजतात म्हणून कोणी सांगत नाही, पण निम्म्या जखमा त्या शिवणीच्या असतात.

हँडलला जाड टेप घ्या, ३ मिलिमीटरच्या वरची. टेप हा सायकलमधला सगळ्यात स्वस्त आराम. सीटपोस्ट २७.२ मिलिमीटरचा असेल तर पुढेमागे कार्बनचा बसवता येतो. बारीक आणि लांब उघडा राहिलेला पोस्ट थोडा लवचतो आणि पाठीला ते जाणवतं. कार्बनवर पैसे घालायची हौसच असेल तर आधी चिमटा आणि सीटपोस्ट यात घाला, फ्रेममध्ये नंतर.

गिअर. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट किंवा कसाऱ्याहून इगतपुरीला वर येणं, हे पाय थकल्यावर करायचं असतं हे लक्षात घेऊन बघा. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दात्यांच्या चकत्या असतील तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्यांनी तुम्ही ताशी पावणेआठच्या आसपास चढता. मागे सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांचीच असेल तर त्याच फेऱ्यांना साडेनऊचा वेग राखावा लागतो, आणि उभ्या चढावर तो राखता न आल्याने गुडघे भरतात. मागे ३४ नसेल तर दुकानातच बदलून मागा.

ग्रॅव्हलचं काय? तुम्ही लिहिलेले रस्ते, म्हणजे त्र्यंबक, मोखाडा, वणी, सापुतारा, हे सगळे डांबरीच आहेत, फक्त जागोजागी चाळण झालेले. त्यांना ३२ चा टायर पुरतो. हरसूल, वाघेरा घाटाकडचे आतले रस्ते किंवा धरणांच्या कडेच्या कच्च्या वाटा करायच्या असतील तर ग्रॅव्हल घ्या आणि गुळगुळीत ३८ चे टायर चढवा. पुढे ४६-३० चे दाते असलेली मिळाली तर घाटात मजा आहे. पुढे एकच चकती असलेली ग्रॅव्हल मात्र मी लांबच्या डांबरी राइडला सुचवत नाही. दोन गिअरमधलं अंतर मोठं असतं, आणि सपाटीवर तासभर एका लयीत पॅडल मारताना मनासारखा गिअर सापडत नाही. स्टीलची फ्रेम? सुंदर असते, टिकते, वेल्डिंग होते. दीड-दोन किलो जास्त ओढायची तयारी असेल तर खुशाल घ्या.

पुढे शॉकअ‍ॅब्जॉर्बर असलेली स्वस्त हायब्रीड पुन्हा घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

ट्यूबलेस करावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: करा. आपल्या भागात साईडपट्टीवर बाभळीचे काटे असतात. समोरून एसटी आली की आपण साईडपट्टीवर उतरतो आणि घरी येऊन बघावं तर टायरमध्ये चार काटे. ट्यूबलेसमध्ये आतला द्रव ते भोक जागच्या जागी बुजवतो. शिवाय चेपायला ट्यूबच नसल्याने हवा आणखी थोडी कमी ठेवता येते. एप्रिल-मेच्या उन्हात तो द्रव लवकर सुकतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी बघून भर घालायची. सोबत वाती (मोठ्या भोकात खुपसायच्या) आणि एक ट्यूब तरीही ठेवाच, टायर बाजूने फाटला तर द्रव काही करू शकत नाही. एक सावधगिरी. काही नव्या चाकांच्या रिमला टायर अडकवणारा ओठ नसतो, त्यांना हुकलेस म्हणतात. त्यात ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही आणि टायर त्या रिमसाठी मान्य असलेलाच घालायचा. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे ट्रकचा काँप्रेसर असतो, तो प्रेमाने शंभर भरून देईल. तिथे नळी आपल्या हातात घ्या, किंवा छोटा हातपंप जवळ बाळगा.

चाकांना २८ किंवा ३२ आरे असलेली बघा. कमी आऱ्यांची, उंच रिमची चाकं दिसायला भारी, पण खड्ड्यात एक आरा तुटला की चाक इतकं आऊट होतं की पुढे चालवता येत नाही, आणि तसला आरा घोटीत किंवा मोखाड्यात मिळत नाही. इगतपुरीच्या माथ्यावर वारा बाजूने लागतो तेव्हा उंच रिम हँडल खेचते ते वेगळंच. नवी चाकं पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बसतात, आरे थोडे सैल होतात. तेव्हा एकदा दुकानात नेऊन ताण बघून आऊट काढून घ्या. हे केलं नाही की पुढे महिनाभर ‘आरे तुटतात’ म्हणून कंपनीला शिव्या बसतात.

शेवटी चालवून बघण्याबद्दल. कॉलेज रोडवर दोन चकरा मारून काही कळत नाही. दुकानदाराला आधी सांगून तासभर सायकल मागा, आणि हवा स्वतः काट्यावर बघून तुमच्या वजनाप्रमाणे ठेवा. दुकानात उभ्या सायकलींत बऱ्याचदा वाटेल तेवढी हवा असते आणि चांगली सायकलही लाकडासारखी वाटते. मग खोदकाम चालू असलेला एखादा रस्ता गाठा. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत तसे रस्ते शोधावे लागणार नाहीत. रंबलरवरून सीटवर बसूनच जा, मुठी घट्ट न आवळता. हात ब्रेकच्या मुठीवर ठेवून कोपर थोडं वाकलेलं राहतंय का, की तुम्ही हात ताणून पुढे लोंबकळताय, ते बघा. ताणावं लागत असेल तर साइझ मोठा आहे. दुकानदार म्हणेल स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) छोटा करून देतो, एक सेंटीमीटर कमी करायला हरकत नाही, पण त्यापेक्षा जास्त करावं लागत असेल तर खालचा साइझ मागवायला सांगा आणि आठवडाभर थांबा.